व्याह्यांचे चारशे रुपये

प्रल्हादराव गेले असं शीतलनं फोनवर सांगितलं, तेव्हा माझा विश्वास बसला नाही. यात नवल काही नाही, कारण त्या माणसाच्या कुठल्याच गोष्टीवर दहा वर्षांत माझा पहिल्या फटक्यात विश्वास बसला नव्हता. शीतल माझी थोरली मुलगी, अकोल्यात दिलेली. प्रल्हादराव तिचे सासरे, म्हणजे माझे व्याही. "बाबा, मामंजीनं चहा मांगतला, अन् मी चहा आनेपर्यंत..." एवढं बोलून ती थांबली. मी विचारलं, "डॉक्टरनं पाह्यलं काय? कोनत्या डॉक्टरनं?" माझी बायको कुसुम शेजारी उभी होती, तिनं माझ्या हातातून फोनच काढून घेतला. अमरावतीहून अकोल्याला जाताना गाडीत मी तिला दोनदा म्हणालो की हा माणूस असा न सांगता जाणारा नव्हे, ह्यात काहीतरी असेल. ती म्हणाली, "आता तरी त्यायले सोडा." अकोल्याच्या घरात शिरलो, त्यांना पाहिलं, तेव्हा पटलं. चेहरा नेहमीसारखाच होता... कुणी काहीतरी सांगितलंय आणि ते आपल्याला नीट पटलेलं नाही, असा. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि बराच वेळ उठलो नाही.

प्रल्हादराव महसूल खात्यात तलाठी म्हणून लागले आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. पंचनामे करण्यात त्यांची हयात गेली. ज्या माणसानं पुरात वाहून गेलेल्या आणि न वाहून गेलेल्या म्हशी आयुष्यभर मोजल्या, त्याचा माणसांवर विश्वास काय राहणार? मी भातकुलीच्या पंचायत समितीत विस्तार अधिकारी होतो, तेव्हा माझीही गत फार वेगळी नव्हती. चोराच्या वाटा चोराला ठाऊक म्हणतात. आम्ही दोघेही चोर नव्हतो, पण वाटा मात्र दोघांना पाठ होत्या. शीतलचं जमत होतं त्या आठवड्यात मी अकोल्याच्या तहसील कार्यालयात जाऊन त्यांची चौकशी करून आलो. हात स्वच्छ, जिभेचा तिखट, असं कळलं. परत भातकुलीला आलो तर आमचा शिपाई सांगतो, साहेब, काल अकोल्याचे एक गृहस्थ तुमच्याबद्दल विचारून गेले. पुढं साखरपुडा झाला, विहारात लग्न लागलं, पण या चौकशीचा विषय ना त्यांनी काढला ना मी.

लग्नानंतर मी पहिल्यांदा मुलीकडं गेलो तो दिवस मला चांगला आठवतो. आमच्याकडची रीत अशी की मुलीचा बाप हातात काहीतरी घेऊन जातो आणि रिकाम्या हातानं परत येतो. मुलाच्या बापानं फक्त बसायचं आणि मान घ्यायचा. इथं उलटंच. मी बसमधून उतरतो तर हे स्टँडवर ऑटो थांबवून उभे. "या इवाई," म्हणाले. वऱ्हाडात व्याह्याला इवाई म्हणतात. घरी मटणाचा रस्सा, ज्वारीच्या भाकरी, निघताना मला टॉवेल-टोपी, कुसुमसाठी साडी, आणि वर वाटेत खायला कचोऱ्यांचा पुडा. एकदा ठीक आहे. पण दर खेपेला तेच. मी घरी येऊन कुसुमला विचारलं, "पोराचा बाप पोरीच्या बापाची एवढी सरबराई काहून करते?" ती म्हणाली, "चांगला मानूस असन." मी म्हणालो, "चांगला मानूस एवढा चांगला नसते." नांदगाव पेठेला एमआयडीसीच्या जवळ माझा एक लहानसा प्लॉट आहे. माझी खात्री होती की प्रल्हादरावांचा डोळा त्या प्लॉटवर आहे आणि एक दिवस रस्सा वाढता वाढता ते विषय काढतील. मी वाट पाहत राहिलो. त्यांनी दहा वर्षांत कधी प्लॉट हा शब्द उच्चारला नाही, आणि त्यामुळं माझा संशय आणखीच वाढला.

अकोल्याचं ते घर त्यांनी कर्ज काढून बांधलं होतं, शीतल तिथं जायच्या कितीतरी आधी. कर्ज सहा लाखांचं, मुदत वीस वर्षांची. कर्ज देणाऱ्या कंपनीचा एक पोरगा टाय लावून घरी आला आणि म्हणाला, काका, साधा हप्ता कशाला भरता? दरमहा फक्त व्याज भरा आणि मुद्दलासाठी ही विम्याची पॉलिसी घ्या. हिचे पैसे बाजारात वाढतील, वीस वर्षांनी पॉलिसी पिकली की सहा लाख आपोआप फिटतील आणि वर मुलाच्या लग्नापुरते उरतील. शिवाय साध्या हप्त्यापेक्षा महिन्याला चारशे रुपये कमी पडतील. आता अख्ख्या जिल्ह्यात ज्याच्याइतका संशयी माणूस नाही, तो या बोलण्याला भुलला कसा, हे कोडं मला पुष्कळ दिवस सुटलं नव्हतं. ते शांताबाईंनी, म्हणजे माझ्या विहिणीनं सोडवलं. त्या म्हणाल्या, प्रल्हादरावांनी पोराची चौकशी केली होती. त्याच्या बापाचं नाव विचारलं, गाव विचारलं, त्या गावच्या कोतवालाला निरोप पाठवून पोरगा खरंच तिथला आहे का, घरचे कसे आहेत, कुणाला फसवलंय का, सगळं काढलं. पोरगा सोन्यासारखा निघाला. मग प्रल्हादरावांनी सही केली. पंचनाम्यातला माणूस तो... पंच खरा निघाला की कागद खरा धरायचा, ही त्यांची सवय. माणूस तपासला, आकडे तपासले नाहीत. आणि तो पोरगा खोटं बोललाच नव्हता. त्याला जे पढवलं होतं त्यावर त्याचाही तेवढाच विश्वास होता.

वीस वर्षं झाली, प्रल्हादराव निवृत्त झाले आणि त्याच वर्षी पॉलिसी पिकली. हातात आले साडेचार लाखांच्या आतबाहेर. कर्ज सहा लाखांचं तसंच उभं. दीड लाख कमी. घराचे मूळ कागद कर्ज देणाऱ्या कंपनीकडं गहाण होते, आणि दीड लाख आणून दिल्याशिवाय ते मिळणार नव्हते. उलट त्यावर व्याज चढू लागलं आणि घरावर जप्ती आणण्याच्या नोटिशीची भाषा सुरू झाली. मी ही बातमी ऐकली तेव्हा पहिला विचार माझ्या मनात हा आला की आता समजलं. शीतल जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, पगार नियमित. हे दीड लाख माझ्या मुलीच्या पगारातून काढायचे, म्हणून दहा वर्षं मला मटण चारलं. मी दुसऱ्याच दिवशी अकोल्याला गेलो. प्रल्हादराव नेहमीप्रमाणे स्टँडवर होते. ऑटोतच मी तोंड उघडलं.

"इवाई, स्पष्टच विचारतो. शीतलच्या पगाराले हात लावान काय?"

ते म्हणाले, "तिच्या पगाराले हात लावाचा असता तं तुमाले घ्याले स्टँडवर आलो असतो काय? विमा कंपनीवर तक्रार केली मी. फसवून इकली पॉलिसी. भरपाई घेतो."

भरपाईचा हिशेब कसा करतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं, आणि मला वाटतं आपल्यातल्या बहुतेकांना ठाऊक नसतं. आपल्याला वाटतं, फसवलं ना, मग भरलेले पैसे व्याजासकट परत द्या. तसं नाही. तिथं एक विचित्र प्रश्न विचारतात. या माणसाला खरं सांगितलं असतं तर यानं काय केलं असतं? प्रल्हादरावांनी साधा हप्ता घेतला असता, आणि आज कर्ज फिटलेलं असतं. म्हणजे त्यांचं नुकसान दीड लाख. इथपर्यंत विमा कंपनीही कबूल झाली. पण मग तिनं मेख मारली. साधा हप्ता घेतला असता तर तुम्हाला महिन्याला चारशे जास्त भरावे लागले असते. ते तुम्ही भरले नाहीत, वाचवले. वीस वर्षांचे जवळजवळ लाखभर होतात. दीड लाखातून ते वजा करा, उरलेलं आम्ही देतो, आणि सही करून विषय मिटवा. जे जगणं माणूस जगलाच नाही त्या जगण्याचा हिशेब मांडायचा, आणि जे जगला त्यातले चारशे त्यातून कापायचे. मला त्या हिशेबाची भीती वाटली, खरं सांगतो. माझं असं कुणी मांडलं तर काय काय निघेल कोण जाणे.

प्रल्हादराव सही करायला तयार नव्हते. त्यांचा मुलगा अमोल, माझा जावई, म्हणाला की निदान असं दाखवू या की ते चारशे रुपये शिल्लक नाहीत, संसारात गेले. तसं दाखवता आलं तर वजावट माफ होऊ शकते, असं एका वकिलानं त्याला सांगितलं होतं. पण मग कशात गेले ते सांगावं लागेल. "बाबा, कशात गेले ते?" अमोलनं विचारलं.   "तुले काय करा लागते?" प्रल्हादराव म्हणाले आणि उठून बाहेर गेले. मी तिथंच बसलो होतो. आयुष्यभर लोकांना म्हशींची शिंगं मोजायला लावणारा माणूस चारशे रुपयांचं नाव काढल्यावर अंगणात जाऊन उभा राहतो, यावर मी जे समजायचं ते समजलो. परतीच्या गाडीत कुसुमला तीन शक्यता सांगितल्या. एक, जुगार. दोन, कुठंतरी दुसरा संसार. तिसरी मी इथं लिहीत नाही. कुसुमनं तोंडावर पदर घेतला. मला वाटलं, तिला धक्का बसला. ती हसत होती.

कंपनीनं सहीसाठी दिलेली मुदत संपत आली. कंपनीची रक्कम घेतली तर लाखभराचं कर्ज उरत होतं, न घेतली तर सगळंच अडत होतं. शेवटी विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडं सुनावणी लागली, ती मोबाईलवरच, घरबसल्या. अमोलनं टीव्हीसमोर फोन उभा केला. समोर सुनावणी घेणाऱ्या बाई, शेजारच्या चौकटीत कंपनीचा माणूस. प्रल्हादराव इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत ताठ बसले. मी मागं, दिवाणावर, मुद्दाम आलेला. हा माणूस काय सांगतो ते मला माझ्या कानांनी ऐकायचं होतं. बाई शांत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तोच प्रश्न विचारला. हे दरमहा वाचलेले पैसे तुमच्याजवळ कुठल्या रूपात आहेत का? ठेव, दागिना, जमीन? नसतील तर कशावर खर्च झाले?

प्रल्हादरावांनी पाण्याचा घोट घेतला. मग म्हणाले, "मॅडम, मले माहीत नाही."

कंपनीच्या माणसानं मान हलवली, जणू त्याला हवं ते मिळालं. प्रल्हादरावांची मान मात्र खाली गेली. मी त्या माणसाची मान कधी खाली गेलेली पाहिली नव्हती. त्या क्षणी मला कळलं की इथं ना जुगार आहे ना दुसरा संसार. गावोगावच्या लोकांना खडा न खडा हिशेब विचारणाऱ्या माणसाला स्वतःच्या चारशे रुपयांचा हिशेब लागत नव्हता आणि त्याला त्याची लाज वाटत होती, एवढंच. मुलासमोर वाटत होती, माझ्यासमोर तर जास्तच. आणि मला मात्र तो हिशेब दिसत होता, अगदी ताटात वाढल्यासारखा. मी उठलो आणि फोनसमोर जाऊन उभा राहिलो.

"मॅडम, मी ह्यायचा इवाई. अमरावतीचा. थे पैसे मी खाल्ले."

बाई म्हणाल्या, "म्हणजे? तुम्ही उसने घेतले होते?"

"नाही. खाल्ले. मटण खाल्लं. कचोऱ्या खाल्ल्या. ऑटोत बसलो. टॉवेल-टोप्या नेल्या, घरी अल्मारी भरली. दहा वर्षं झाले मी हेच करून राहिलो."

कंपनीचा माणूस हसला. पण बाई हसल्या नाहीत. तेवढ्यात शांताबाई स्वयंपाकघराच्या दारातून पुढं आल्या आणि म्हणाल्या, "अन् त्याच्या आंधी गावचे खाऊन गेले. दवाखान्यात कोनी भरती झालं का आमच्या घरीच डबा शिजे. परीक्षेची पोरं इथंच राहत. कोनाले नाही म्हनलं नाही ह्यायनं." त्या नावं घेऊ लागल्या. बाई लिहून घेत होत्या. आणि तेव्हा प्रल्हादरावांनी हात वर केला. मला वाटलं, आता तेही दोन नावं सांगतील. ते म्हणाले, "मॅडम, एक मिनिट. हे माझे इवाई आहेत अन् ही माझी घरवाली. नातेवाईकाची साक्ष चालत नाही." स्वतःचं घर गहाण पडलेलं असताना स्वतःच्याच साक्षीदारावर हरकत घेणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. बाई म्हणाल्या, "इथं चालते. बसा."

निकाल आमच्या बाजूनं लागला. चारशे रुपये घरखर्चात आणि येण्याजाण्यात गेले, ते आता या माणसाकडून काढता येणार नाहीत, सबब वजावट रद्द, कमी पडलेली सगळी रक्कम कंपनीनं द्यावी. प्रल्हादरावांना अर्थातच संशय आला. एवढी मोठी कंपनी एवढ्या सरळ देते म्हणजे कुठंतरी गोम आहे. या खेपेला त्यांनी बाईंची चौकशी केली नाही, आकडे तपासले. एकदा स्वतः, एकदा अमोलकडून, आणि मग मला बोलावून माझ्याकडून. तिघांचा आकडा जुळला तेव्हाच त्यांनी सही केली. घराचे कागद परत आले त्या दिवशी मी अकोल्यात होतो. आमची शेवटची भेट ती. जेवण झाल्यावर आम्ही दोघंच ओट्यावर बसलो होतो आणि मी दहा वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न एकदाचा विचारला.

"इवाई, माया एवढा पावनचार काहून केला तुमी? प्लॉट पायजे होता काय?"

"कोनता प्लॉट?" ते म्हणाले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मग सुपारी कातरू लागले. "सांगतो. तुमची चौकशी केली होती मी भातकुलीले. काही खोट नाही सापडली. पोरगी शिकलेली, नोकरी कराले तयार, देनंघेनं काही बोलनं नाही, अन् तुमी एका बैठकीत हो म्हनलं. मले भेव वाटलं. एवढं चांगलं कोनी आपल्याले देते काय? काहीतरी कारन असनच. मनलं, इवायाले खाऊपिऊ घाला, खूश ठेवा, एखाद्या दिवशी बोलता बोलता सांगून जाईन."

"मंग?"

"मंग काय... तुमी काही बोलेच ना. नुसते खाऊन जा. अन् मले बी मंग सवयच झाली. तुमी येनार असले का सकाळपासून बरं वाटे."

आम्ही दोघं खूप हसलो. शीतल बाहेर येऊन पाहून गेली. त्यानंतर महिनाभरात ते गेले. मला ह्याचा राग आहे, लपवत नाही. आता कुठं दोघांचा एकमेकांवर विश्वास बसायला लागला होता आणि गप्पा मारायला विषय मिळाला होता. एवढ्या वर्षांत आम्ही नीट बोललोच नव्हतो, एकमेकांवर नजर ठेवण्यातच वेळ गेला. त्या वेळेची भरपाई मांडायला कुणी बसलं, तर तोच प्रश्न येईल, मला खरं सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? दर रविवारी अकोल्याला गेलो असतो.

गेल्या आठवड्यात आमच्या धाकट्या मुलासाठी, नीलेशसाठी, अंजनगाव सुर्जीहून मुलीचे वडील घर पाहायला आले. या खेपेला मी मुलाचा बाप. बसून मान घ्यायचा, एवढंच माझं काम. पण सकाळी उठून मी मटणवाल्याकडं केव्हा गेलो, स्टँडवर ऑटो घेऊन केव्हा उभा राहिलो, मला कळलंच नाही.  शीतल यासाठी अकोल्याहून आली होती, ती मला बघून पटकन आत निघून गेली. पाहुणे जेवले. पानं उठली. मग त्या गृहस्थानं घर न्याहाळलं, भिंतीवरचा पंखा पाहिला, माझ्या हातातला टॉवेल पाहिला, आणि शेवटी माझ्याकडं डोळे बारीक करून पाहिलं. तसं मला फार दिवसांत कुणी पाहिलं नव्हतं.

"एवढं काहून करून राह्यले तुमी?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "काही नाही. सहज." त्याला ते पटलं नाही, हे मला स्वच्छ दिसलं. मी त्याला आणखी थोडं बसायचा आग्रह केला.